मागच्या खोलीतल्या चपला

त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसांत तो कधीच नव्हता. भरतीत छाती भरली नाही म्हणून परत आला होता. पण मिशी, आवाज आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब अशी, की कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानाच्या दारात तो दिसला की आत शिरणारे उगाचच स्वतःचे खिसे चाचपत.

दुकानांना गार्ड पुरवणाऱ्या त्याच्या एजन्सीने सुरुवातीच्या प्रशिक्षणात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. चोरी करताना डोळ्यांनी पाहिलं तरच माणसाला थांबवा, लगेच पोलिसांना बोलवा, त्यांच्या हवाली करा. झडती घ्यायची नाही, कोंडायचं नाही. तुम्ही पोलीस नाही. हे शेवटचं वाक्य हवालदाराला फार झोंबलं. मग चहा झाला आणि सगळी मंडळी शिकलेलं तिथेच ठेवून कामाला लागली.

दुकानामागे रिकाम्या खोक्यांची एक खोली होती. दारातलं चोरी पकडायचं यंत्र ज्याच्यावर वाजेल, त्याला तिथे बसवायचं. कुलूप लावावं तर उद्या कुणी कोर्टात खेचायचा. तेव्हा हवालदाराने डोकं चालवलं. माणूस आत आला की त्याच्या चपला काढून घ्यायच्या आणि वर फळीवर ठेवायच्या. अनवाणी माणूस पळत नाही, आणि त्याचा आवाजही आपोआप खाली येतो. युक्ती अशी लागू पडली की मॅनेजरने पाठ थोपटली. एजन्सीचे नवे गार्डही शिकायला त्याच्याकडेच येऊ लागले, आणि गुरुजींना आणखी चेव चढला.

“कुठल्या अधिकाराने?” असं कुणी विचारलंच, तर तो छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवायचा. “हा दिसत नाही का?”

पुष्कळदा पावती सापडायची, चूक दुकानाचीच निघायची. माणूस सुटायचा आणि तोंड लपवत असा निघायचा की चपला फळीवरच राहायच्या. हळूहळू फळी भरली. हवालदार नव्या गार्डांना ती कौतुकाने दाखवायचा. “साव असते तर चपला घ्यायला परत आले नसते का?” यावर सगळे माना डोलवायचे.

एका संध्याकाळी त्याची बायको घरी आली ती थेट मोरीत गेली. चादर आणायला म्हणून पलीकडच्या बाजारातल्या दुकानात गेली होती. हवालदार चहाचा कप घेऊन उठला आणि दारातच थबकला. ती पाय धूत होती. टाच फुटली होती, पाणी लालसर वाहत होतं. उंबऱ्याबाहेर चपला नव्हत्या.

विचारायची गरजच नव्हती. त्याला सगळं कळलं.

“चादरीला ते यंत्र वाजवणारं बटण दुकानवाल्यांनी काढलंच नव्हतं,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “पावती पिशवीत होती हो. बघा म्हटलं, तर दारातला गार्ड म्हणे मॅनेजर जेवून येऊ देत. सगळ्यांदेखत मागे नेलं. चपला काढ म्हणाला. मी काढल्या. का काढल्या कोण जाणे.”

“सोडताना मागायच्या ना.”

“मला तिथे श्वास घेववत नव्हता.”

“मी उद्या आणतो.”

“नकोत. त्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.” मग तिने मान वर केली. “तुमच्याकडे असं नाही ना करत?”

“छे,” तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं सरळ खोटं तो कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो त्या दुकानात गेलाच. दारात लंबू उभा होता, त्याच्याच हाताखाली तयार झालेला गार्ड. लंबूने कडक सलाम ठोकला आणि अभिमानाने मागची खोली दाखवली. तशीच खोकी, तशीच फळी. चपला ओळखायला हवालदाराला वेळ लागला नाही. डाव्या पट्ट्याला त्यानेच टाके घातले होते.

“काकूंच्या?” हवालदाराने सांगताच लंबूचा चेहरा पडला. “काका, आईशपथ, मला माहीत नव्हतं. तुम्ही शिकवलं तसंच केलं.”

हवालदाराने हात वर करून फळीवरून तो जोड उतरवला. चपला पिशवीत घालून तो घरी आला आणि त्या बायकोपुढे ठेवल्या. मग भिंतीला टेकून त्याने सगळं सांगितलं. युक्ती कुणाची, फळी कुणाची, कालचं ‘छे’ कसलं. शरमेने त्याला वर बघवत नव्हतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने एवढंच विचारलं, “तुमच्या फळीवरची ती माणसं घरी कशी गेली असतील हो?”

हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता.

त्याच आठवड्यात दारातलं यंत्र एका मुलीवर वाजलं. हवालदाराने तिला दाराजवळच, सगळ्यांसमोर पण खुर्चीवर बसवलं. स्वतःची खुर्ची दिली. म्हणाला, “घाबरू नकोस, ताई. पावती शोध सावकाश.” मॅनेजर तरातरा आला. “मागे ने हिला. चपला काढून घे.”

“तो अधिकार मला नाही, साहेब. कधीच नव्हता.”

“आणि पळाली म्हणजे?”

हवालदाराने मुलीच्या पायांकडे पाहिलं. तिने भीतीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते.

“पळाली तर पळाली,” तो म्हणाला. “अनवाणी जाणार नाही.”