डक्टमधल्या सात रेघा

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे डायरी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र डायरीविना आठवतं, आणि त्याचं कारण मिरवण्यासारखं नाही.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात ऐन जेवणाच्या वेळी आग लागली. भट्टीवरचा तेलकट धूर बाहेर नेणारी पत्र्याची रुंद नळी असते, तिला डक्ट म्हणतात; इथं ती वर जाऊन वळत होती आणि बाजूच्या खोलीवरून बाहेर पडत होती. कढईतला जाळ वर गेला, डक्टमध्ये साचलेल्या तेलाच्या थरानं पेट घेतला आणि ते जळतं तेल खाली आचाऱ्याच्या अंगावर आलं. तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात तो गेला. हलगर्जीपणाच्या गुन्ह्यात सदोष मनुष्यवधाचं कलम वाढलं आणि वरून फोन सुरू झाले.

त्याच सकाळी ठाण्यात एक निनावी फोन आला. "डक्ट साफ करणारा नुसती स्टिकरं चिकटवून जातो, साहेब. त्याला धरा." फोन हॉटेलच्या मॅनेजरचा होता, हे पुढं कळलं. भट्टीवर सफाईचं स्टिकर खरंच होतं, तारीख महिन्याभरापूर्वीची. हॉटेलमालक गावात मान असलेला माणूस. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून, चहा घेत त्यानंही तेच सांगितलं. मला उत्तर हवं होतं, ते आयतं मिळालं. संध्याकाळच्या आत सफाईवाला कोठडीत होता.

तो ईट गावाकडचा, मेंढपाळाच्या घरातला. पुण्यात हॉटेलांत राबता राबता एका उस्तादाकडून हे काम शिकला आणि जिल्ह्यात येऊन स्वतःचा धंदा सुरू केला. उमरग्यापासून तुळजापूरपर्यंतची हॉटेलं धरली होती. त्याचं सामान आम्ही जप्त केलं: खरवडण्या, कॉस्टिक सोड्याचा डबा, रबरी हातमोजे, प्लॅस्टिकचे कागद, अर्धं वापरलेलं एक लिहायचं पॅड. पंचनाम्यात नोंद झाली, गाठोड्याला सील लागलं.

चौकशीत त्यानं मला सगळा धंदाच समजावून सांगितला. भट्टीवरच्या अॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक लावायचं नाही, ते जाळी खातं. काम सुरू करण्याआधी भट्टी झाकून घ्यायची. अडलं तर उस्तादाला फोन करायचा. या धंद्यातल्या लोकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, तिथं फोटो टाकला की कुणी ना कुणी तोड सांगतो. चोर कुलपांची माहिती सांगतो तेव्हा आम्ही जसं ऐकतो, तसं मी ते ऐकलं. त्याच्या अंगाला हात लावला नाही, याचं मला उगाच कौतुकही वाटत होतं.

"डक्टच्या वळणापुढं साफ केलंस का?" मी विचारलं.

"न्हाय साहेब."

"एकदा तरी?"

"एकदाबी न्हाय. वळणापुढं म्या गेलोच न्हाय. पण साहेब..."

"पुरे," मी म्हणालो.

जबाब लिहिला, त्याला वाचून दाखवला. सही करताना त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. ठाण्यात लोक असे बघतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मधल्या दिवसांत एकामागून एक हॉटेलांनी त्याचं काम तोडलं, हे त्याच्या बायकोनं हवालदाराला सांगितलं होतं. हवालदारानं ते मला सांगितलं आणि मी मान डोलावली.

अटकेनंतर सहाव्या दिवशी हॉटेलात भांडी घासणारी बाई जबाबासाठी आली. साक्षीदारांच्या यादीत ती शेवटची होती. मी नाव-गाव विचारायच्या आधी तिनंच मला विचारलं, "त्या माणसाला कशापायी डांबलंय, सायेब?"

"त्यानं काम केलं नाही, बाई. स्वतःच कबूल झालाय."

"करंल कसं? आत हात घालायचं झाकण मालकानं बंद केलंय न्हवं! फॅमिली रूमला नवं छत केलं तवा. ह्यो दर बारीला मागायचा, झाकण तेवढं उघडून द्या म्हणून. मालक म्हणायचा, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर भोक पाडू व्हय?"

मी हातातला पेन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंच आणि एक पत्र्याचा कारागीर घेऊन हॉटेलवर गेलो. फॅमिली रूमचं छत उतरवलं. झाकणावर पत्रा मारून रिवेट ठोकलेले होते. कारागिरानं वळणाशी डक्ट कापला. वळणाच्या पुढं जळलेल्या तेलाचा अंगठ्याएवढा जाड थर होता. अलीकडं नुसती काजळी, बोटानं पुसली जाणारी. ती पुसली तेव्हा अगदी वळणाशी पत्र्यावर खरवडणीनं ओढलेल्या रेघा दिसल्या. एकाखाली एक सात, प्रत्येकीपुढं तारीख. सगळ्या एकाच जागी.

त्याला कोठडीतून बोलावलं. रेघांचा फोटो दाखवला.

"उस्तादानं शिकिवलंय," तो म्हणाला. "हात जिथवर पोचला तिथं रेघ मारायची. म्हंजी पुढच्या बारीला कळतं."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं, पुढं गेलास का. म्या न्हाय म्हणलो. का न्हाय गेलास, आसं कुणीच इचारलं न्हाय. पॅडवर तर लिवलंय की, साहेब."

जप्तीचं गाठोडं पंचांसमोर उघडलं. पॅडवर प्रत्येक कामाची कार्बन प्रत होती आणि तीन रकाने: काय साफ केलं, काय राहिलं, का राहिलं. सातही वेळा तिसऱ्या रकान्यात एकच ओळ होती. 'झाकण बंद आहे, मालकास सांगितले.' खाली मालकाची झोकदार सही. हा कागद आठवडाभर माझ्याच सीलखाली पडून होता. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला आणि तो सुटला. दोषारोपपत्र मालकावर गेलं. माणूस खोटं बोलतो हे गृहीत धरून आम्ही चौकशीला बसतो. हा खरं बोलला आणि मी त्याचं खरं अर्ध्यात तोडलं, मग उरलेल्या अर्ध्यावर त्याला आत ठेवलं. त्यानंतर समोरच्याचा 'पण' पुरा झाल्याशिवाय मी जबाब बंद केला नाही.

काही महिन्यांनी आमच्या मेसची चिमणी साफ करायला मी त्यालाच बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं. आला, चिमणी साफ केली, हात धुतले आणि पॅड माझ्यापुढं धरलं. सवयीनं मी पेन काढून सही करायला गेलो, तर त्यानं पॅड जरासं मागं ओढलं.

"आधी वाचा, साहेब."

मी वाचलं. काय राहिलं: पंख्याची मागची बाजू. का राहिलं: नट गंजलेत, निघाले नाहीत. तिसरा रकाना दोनदा वाचला, हवालदाराला नवे नट आणायला पाठवलं आणि मग सही केली.