उजेडात धरलेली पट्टी

"उजेड दिसते का वं?" चिकटपट्टी खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून, आमचे सर दहादा विचारत. पट्टीवर मँगनीजच्या दगडाची बारीक भुकटी थापलेली असे. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात तुम्ही डोकावला असता, तर म्हणाला असता, हा माणूस भौतिकशास्त्र शिकवतो की पापड पारखतो!

पण सर चुकत नव्हते. भुकटीत एक्स-रे किती शोषले जातात, ते आम्ही मोजायचो. थरात सुईएवढं भोक राहिलं, तरी किरण तिथून फुकट निसटतात आणि आकडा कमी येतो. म्हणून चार पट्ट्या एकावर एक. एकीचं भोक दुसरी झाकते.

माझे बाबा विणकर. तेही कापड उजेडात धरूनच विरळ जागा शोधत. सर घरी आले, की ते म्हणत, "गुरुजी, आपला धंदा एकच हाय." सर खूश होऊन दुसरा चहा मागत. आमच्या फळीवरचा निळा कप खास त्यांच्यासाठी राखलेला असे.

वर्षभर वाट पाहून परगावच्या मोठ्या एक्स-रे यंत्रावर दोन दिवस मिळाले. माझी पीएचडी त्यावरच होती. निघायच्या सकाळी सरांच्या हातून माझी पट्टी फाटली. "तू बसमंदी जागा धर, मी दुसरी बनवतो." एसटी सुटता सुटता ते धापा टाकत आले.

"सर, चार थर?"

"चारच वं! माह्यावर भरोसा नाही का?"

होता ना! डोळे मिटून होता. यंत्रात पट्टीही त्यांनीच बसवली.

आकडे कमी आले. सरांनी ते नवा शोध म्हणून मिरवले. नागपूरच्या परिषदेत एका वयस्कर बाईंनी विचारलं, "थरात भोकं नव्हती ना?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. "सॅम्पल हिनं केलं होतं. घाई करते ती." अगदी शुद्ध भाषेत! मी गप्प बसले, त्याचा राग अजून येतो.

प्रबंध बुडाला. सरांनी घरी येऊन, चहा पिता पिता, बाबांनाही तेच सांगितलं.

"मी केलीच नव्हती ती पट्टी, बाबा!"

"गुरुजी कायले खोटं बोलतीन, पोरी? उजेडात धरून पाहाचं होतं ना."

सर रिटायर होऊन मुलाकडे निघून गेले. कॉलेजातलं त्यांचं कुलूपबंद कपाट मोकळं करताना ती पट्टी मला सापडली. पाकिटावर त्यांच्या अक्षरात त्याच सकाळची तारीख, आत एकच थर. मी तशीच घरी नेली.

बाबांनी अक्षर ओळखलं. दारात जाऊन पट्टी वर धरली, एक डोळा मिटला. बराच वेळ हात खाली आला नाही.

"दिसते वं उजेड," ते म्हणाले.

निळा कप दुसऱ्या दिवशी फळीवर नव्हता.