आईच्या अंगात देवी मी आणली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बचत गटातल्या बायांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला तर नाहीच. मला ओळखणारं कुणीही यावर हसेल — हिच्या पोटात काही राहतं का? खरंच आहे. किन्हवलीच्या बाजूला आमचं गाव. माझं माहेरही तेच आणि सासरही तेच. गावात माईक कुणी धरायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. ग्रामसेवकाशी भांडायला मीच. बोलण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. तरी ही एक गोष्ट माझ्या तोंडून निघालेली नाही.

माझी आई प्यायची. हो, आई. बाप पितो म्हटलं की लोक मान हलवतात आणि पुढचं बोलतात. आई पिते म्हटलं की गप्प होतात. आवणीच्या दिवसांत, दिवसभर चिखलात वाकून भात लावल्यावर अंग मोडून यायचं, म्हणून घोटभर गावठी. मग ग्लासभर. मग भरदुपारी. वडील टेम्पो चालवायचे, धसईच्या बाजारातली भाजी कल्याणला न्यायचे, घरी कमीच असायचे. घरात मी बारा वर्षांची आणि धाकटा दिन्या सहाचा. शाळेतून येताना मी लांबूनच ओटीकडे बघायचे — आई बसलीय की कलंडलीय? बसलेली दिसली तर दप्तर टाकून खेळायला पळायचं. कलंडलेली दिसली तर चूल माझी.

त्या वर्षी नवरात्रातल्या मंगळवारी आई हंडा घेऊन बोअरिंगवर गेली आणि साऱ्या बायांसमोर झोकांडी खाऊन पडली. केस सुटलेले, मान डोलतेय, तोंडातून काहीबाही चाललंय.

"काय झालं गो तुझ्या आयला?" शेजारच्या सुमनकाकीने विचारलं.

काय सांगणार होते मी? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "अंगात आलंय तिच्या."

चौघींनी तिथेच हात जोडले. काकी धावत जाऊन कुंकू घेऊन आली. तुम्ही विचाराल, वास नाही आला कुणाला? आला की! पण देवीपुढे नाक कोण मुरडणार?

इथे थांबले तर तुम्ही मला लगेच माफ करून टाकाल. लहान पोर, लाजेने मारलेली एक थाप, तीही आईला झाकायला — त्यात काय एवढं? म्हणून तर थांबता येत नाही. पुढच्या मंगळवारी काकी आणखी एकीला घेऊन आली, नारळ आणि ओटीचं सामान घेऊन. आई आत धुंद पडलेली. मी त्यांना परत पाठवू शकले असते. मी पाट मांडला. आई बरळायची आणि मी अर्थ सांगायचे — सून नांदायला येईल म्हणते, गाय सापडेल म्हणते. मग दर मंगळवारी-शुक्रवारी अंगणात चपलांना जागा पुरेना. कालपर्यंत बेवडीची पोर म्हणून कुजबुजणाऱ्या बाया मला मानाने 'बाय' म्हणू लागल्या. मला ते आवडलं — साफ सांगते, फार आवडलं. एकीने देवीचा मान म्हणून बाटली आणली, आमच्याकडे गावदेवीला देतात तशी. तिने ती दारात माझ्याच हातात दिली. मी ती आत नेऊन आईच्या उशाशी ठेवली. त्यानंतर अशा कितीतरी ठेवल्या. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

वडिलांना? त्यांनी एकदा देव्हाऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि टेम्पोची चावी उचलली. त्यांचं त्यांच्यापाशी. मी माझं सांगतेय.

आणि तरीही कडेकडेनेच चाललेय, नाही का? सांगायचंय ते दिन्याचं.

आईच्या कुशीशिवाय त्याला झोप येत नसे. एका दुपारी त्याने तिला बाटली तोंडाला लावताना बघितलं आणि माझ्याकडे पळत आला. "ताय, आय दारू पिते. मी बाबांना सांगतो." पोरगं बरोबर बोलत होतं. त्याच दिवशी त्याने सांगितलं असतं तर कदाचित — जाऊ दे. मला भीती कशाची वाटली असेल? आईच्या तब्येतीची? छे. येत्या मंगळवारची. मी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "आय नाय, देवी पिते ती. कुणाला बोललास तर आयला घेऊन जाईल. तुझ्यावर आधीच रागावलीय."

"मी काय केलं?"

"नैवेद्यातला लाडू खाल्लास ना काल."

खाल्ला होता त्याने. मीच दिला होता.

तो कुणाला बोलला नाही. आईजवळही गेला नाही. ती शुद्धीत असली आणि हात पुढे करून बोलावू लागली तरी तो माझ्या पाठीमागे लपायचा. हे सात वर्षं चाललं.

संपवलं ते आईनेच. एका शुक्रवारी बाया जमलेल्या असताना ती भिंत धरत बाहेर आली आणि म्हणाली, "बायांनो, घरी जावा. देवी-बिवी काय नाय. मी पिते. माझ्यानं सुटत नाय." पुष्कळ भाषणं ऐकलीत मी, केलीत, त्या तोडीचं एकही नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन ती शहापूरला डॉक्टरकडे गेली आणि त्यांच्या चिठ्ठीवर व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाली. हात इतके कापायचे की कपबशी धरवत नव्हती. घरी आल्यावर एकदा घसरली, तर आपली आपण पिशवी भरून परत गेली. त्याला बारा वर्षं झाली. थेंब नाही. माझ्या आईचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुठल्याही माईकवरून सांगेन.

केंद्रात एक दिवस घरच्यांना बोलावलं होतं. गोल करून बसायचं, ज्याने त्याने मनातलं बोलायचं. तिथल्या मॅडमनी दिन्याला विचारलं, घरात कशाची भीती वाटायची? तेरा वर्षांचा होता तो. म्हणाला, "आयची." मग तिच्याकडे वळून त्याने विचारलं, हे देवीचं कुणी काढलं होतं?

"मीच," आई म्हणाली. "तुझ्या तायला पण मीच शिकवलं तसं बोलायला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. तुला काही सांगायचंय? मी मान हलवली — नाही. मी! आईने माझा हात दाबला आणि मी तो दाबू दिला.

दिन्या आता मुरबाडला कंपनीत आहे, लग्न झालंय त्याचं. वाईट वागत नाही तो. आईला औषधं आणून देतो, सणाला येतो. फक्त तिच्या हातचं काही घेत नाही. एकदा बायकोला माझ्यासमोरच म्हणाला, "सहा वर्षांच्या पोराला देवीची भीती घातली तिने. ताय होती म्हणून वाचलो." मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

यंदा गणपतीला आला, ओटीवर बसला. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हात आता जराही कापत नाही तिचा.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "ताय देईल."

आईने तांब्या माझ्या हातात दिला. मी तो त्याला दिला. तो पाणी प्यायला.