आमच्या हॉलमधला पुतळा

मागच्या वर्षी एका रविवारी दुपारी मी आमच्या हॉलमध्ये पुतळा होते, आणि पाहुण्यांना मी बऱ्यापैकी आवडले होते.

हे जरा नीट सांगायला हवं. मी सोलापुरात विद्यापीठाच्या कलाशिक्षण विभागात शिकवते. म्हणजे उद्या शाळाशाळांतून जे चित्रकला शिकवणार आहेत, त्यांना मी शिकवते. नातेवाइकांना मात्र यातलं एवढंच कळतं की मी 'ड्रॉइंगच्या बाई' आहे. त्यामुळे भवानी पेठेतल्या कुणाच्याही बारशाला पाळण्याच्या मागे मोर काढायचा असला, की विद्यापीठातून थेट मला बोलावणं!

तर सोमवारी विभागात बाहेरून तज्ज्ञ मंडळी येणार होती. त्यांच्यासमोर जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन दाखवते, असं मी मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगून बसले. (असा साचा मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. व्हिडिओ मात्र बरेच पाहिले होते.) घरी एकदा सराव करावा म्हणून विद्यार्थ्यांना विचारलं, तर वर्गात सर्दीची साथच आली. "मॅडम, नाक चोंदलंय." "मॅडम, मला धुळीची ॲलर्जी हाय." एक जण तर म्हणाला, "मॅडम, माझं लग्न ठरायचंय अजून!"

शेवटी ठरवलं, आपला चेहरा काय वाईट आहे?

त्याच रविवारी आमच्याकडे पाहुणे यायचे होते. माझी नणंद मेघा बँकेत नोकरीला. श्रीपूरच्या साखर कारखान्यात केमिस्ट असलेला अमोल आणि ती एकमेकांना पसंत होते. आता मोठ्यांची बोलणी तेवढी राहिली होती. अमोलला ड्युटी होती, म्हणून त्याची आई आणि मामा येणार होते, तेही संध्याकाळी. सासूबाई आणि मेघा स्कूटीवरून पेढे नि गजरे आणायला गेल्या. आण्णा, म्हणजे माझे सासरे, आतल्या खोलीत झोपले. मी म्हटलं, हीच संधी!

हॉलच्या खिडकीपाशी खुर्ची मांडली. गळ्यापासून पायापर्यंत पांढरी चादर गुंडाळून घेतली आणि माझा नवरा सुहास याला कामाला लावलं. हाड मोडल्यावर दवाखान्यात गुंडाळतात, तसल्या प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवायच्या आणि माझ्या चेहऱ्यावर बसवायच्या. डोळ्यांवर कापूस. नाकपुड्या तेवढ्या उघड्या.

"तोंड पण झाकायचं?" सुहासनं विचारलं.

"हो, पूर्ण."

"पूर्ण?" त्याच्या आवाजात जो आनंद होता, तो मी लग्नाच्या दिवशीसुद्धा ऐकला नव्हता.

शेवटची पट्टी बसली आणि त्याचा फोन वाजला. स्कूटी बंद पडली होती. सासूबाई, मेघा आणि पेढे, सगळं रस्त्यात उभं होतं. "आलोच हां, तू हलू नकोस," असं म्हणून तो गेलासुद्धा! मी चादरीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. (नंतर तो म्हणाला, "मला वाटलं टाटा करतेयस.")

असो. प्लास्टर सुकेपर्यंत शांत बसायचं, एवढंच तर काम होतं. प्लास्टर सुकताना गरम होतं, तसं ते होऊ लागलं. चेहरा आवळत चालला. आत एक विलक्षण शांतता होती. मी मनातल्या मनात तज्ज्ञ मंडळींच्या टाळ्या ऐकत होते, तेवढ्यात खाली जीप थांबली.

जिन्यावर पावलं. दारावर थाप. "आण्णा हायत का घरात?"

श्रीपूरचे पाहुणे! इतक्या लवकर!

मी उठायला गेले. पण डोळे बंद, आतली खोली नक्की कुठल्या बाजूला ते कळेना, आणि पाय चादरीत अडकलेले. तेवढ्यात आण्णा झोपेतून उठून आले. त्यांनी आधी दार उघडलं आणि मग मला पाहिलं. हा क्रम उलटा झाला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"या या, बसा!" आण्णा म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज एकदम बसला. "अरं द्येवा."

"हे वो काय?" बाईंचा आवाज. ही अमोलची आई.

आण्णा मूळचे माळशिरसकडचे. साधा सरळ माणूस, खोटं बोलायची सवय नाही. आणि सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला, की थांबायचं कुठं ते त्याला कळत नाही!

"पुतळा हाय," आण्णा म्हणाले.

मी खुर्चीत दगड झाले. दुसरं काय करणार?

"आमची सूनबाई शिकवती न्हवं का कॉलेजात. तिनंच केलाय. सोताचाच."

"लई भारी की!" हा मामांचा आवाज. "आन सूनबाई कुटं हायत?"

"ती... माळशिरसला गेलीया."

"माळशिरसला? आवो, आमी त्याच बाजूनं आलो की! फोन केला असता तर गाडीत घालून आणली असती. कुणाकडं गेल्यात?"

"तितंच," आण्णा म्हणाले. "जवळपास."

मी आत बसून घामाघूम. पाहुणे आता माझ्याभोवती फिरू लागले. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलेय की कलाकृतीकडे सगळ्या बाजूंनी पाहा. मला सगळ्या बाजूंनी पाहण्यात आलं!

"हात तर बगा, अगदी जित्ता वाटतोय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो हातात घेतला. "आगं बया, गरम हाय ओ!"

"उनात वाळवला ना सकाळी," आण्णा.

"सून एवढी जाड हाय व्हय?"

आण्णा क्षणभर थांबले. आता तरी माझी बाजू घेतील, असं मला वाटलं. "पुतळ्यात जरा जास्तीच दिसती," ते म्हणाले.

मामांनी बोटाच्या पेरानं माझ्या कपाळावर टकटक केलं. "आतनं भरीव हाय का पोकळ?"

"पोकळ," आण्णा म्हणाले. हे उत्तर द्यायला मात्र त्यांना जराही वेळ लागला नाही.

देवाच्या दयेनं पाहुणे दिवाणावर बसले. आण्णांनी पाणी दिलं, शेंगापोळीचा डबा पुढे ठेवला. माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती आणि ती प्लास्टरच्या आत होती. पण मी ठरवलं, मेघासाठी हेही सोसायचं. सुहास येईल, काहीतरी निमित्त काढून पाहुण्यांना गच्चीवर नेईल, मी आत पळेन. सगळं नीट होईल.

आणि नेमकी तेव्हा अमोलच्या आईनं मूळ गोष्ट काढली.

"पोरगी आमाला पसंत हाय आण्णा. एकच गोष्ट. लग्नानंतर नोकरी सोडाय लागंल. घरात माणूस पायजे."

माझे कान प्लास्टरबाहेर होते, ते टवकारले. मेघानं ती नोकरी दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा रात्रंदिवस अभ्यास करून मिळवली होती. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी हेच आण्णा गल्लीत स्वतःच्या हातानं पेढे वाटत फिरले होते. आण्णा 'न्हाय' म्हणणार, याची मला खात्रीच होती.

पण एवढं खोटं बोलून बिचारे पार गळाठले होते. त्यांच्या तोंडातून आता फक्त होकारच निघत होते.

"व्हय, व्हय," आण्णा म्हणाले. "तुमी म्हणाल तसं."

"ऊंऽऽ!" मी म्हणाले. निघूनच गेलं तोंडातून!

"कोण वरडलं?" मामा.

"मांजर," आण्णा.

"मग ठरलं म्हणायचं? पुन्हा पोरीची कायबी तक्रार नको."

"छ्या! तक्रार कसली?"

झालं! माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. साचा गेला खड्ड्यात, तज्ज्ञ गेले खड्ड्यात! मी ताडकन उठले. अंगावर पांढरी चादर, पांढरा फटक चेहरा, त्याला ना डोळे ना तोंड. अशी मी एक बोट उगारून पुढे निघाले आणि "ऊंऽ हूं! ऊंऽऽ हूंऽऽ!" असं मोठ्यानं ओरडू लागले. मला म्हणायचं होतं, 'मेघा नोकरी सोडणार नाही.' ते तसं ऐकू आलं नसावं.

"पुतळा उठला!" एवढंच मामा बोलू शकले. दिवाण करकरला, म्हणजे ते वर चढले असणार. शेंगापोळी त्यांच्या घशात अडकली आणि ते असे खोकू लागले, की मला भूत असूनही त्यांची काळजी वाटली. अमोलची आई मात्र खमकी! तिनं समोरचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी सपकन माझ्या तोंडावर मारलं. मी चादरीत पाय अडकून धाडकन आण्णांच्या अंगावर, आणि आम्ही दोघं शेंगापोळीच्या डब्यावर!

त्याच क्षणी दारातून सुहासचा आवाज आला. "अगं, हललीस कशाला? बिघडला ना साचा!"

त्याच्यामागून सासूबाईंची किंकाळी. मग मेघाच्या हातातली पेढ्यांची पिशवी खाली पडलेली मला ऐकू आली.

"आण्णा," अमोलची आई सावकाश म्हणाली, "ही कोण हाय?"

"...सूनबाई."

"माळशिरसवरनं आली व्हय?"

आता माझी सुटका करायला हवी होती, आणि इथं खरी गंमत उघडी पडली. कातडीला व्हॅसलीन चोळलं होतं, पण भुवयांना लावायचं राहिलं होतं! (माझ्याच स्लाइडवर हे लाल अक्षरांत लिहिलं आहे.) एका बाजूनं साचा सुटला, दुसऱ्या बाजूनं हलेना. सुहास ओढतोय, दिवाणावरून उतरलेले मामा माझे खांदे धरून बसलेत, सासूबाई "हळू रे, हळू रे" करत त्याच्याच पाठीत धपाटे घालतायत!

"एकदाच जोर लाव बाबा!" मामा म्हणाले.

चर्रर्र!

डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड मोकळं झालं. आणि मोकळ्या तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडलं, "मेघा नोकरी सोडणार नाही!"

अमोलची आई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, मोडलं लग्न. आता उठतील, जीपमध्ये बसतील, आणि मेघा जन्मभर माझ्याशी बोलणार नाही.

"आगं," ती म्हणाली, "येवढं सांगाय तू भिवई उपटून घेतलीस व्हय?"

आणि ती हसायला लागली. अशी हसली, की तिला पदर तोंडात धरावा लागला. मामा हसले, मग घाबरत घाबरत आण्णा हसले. मेघा मात्र हसली नाही. ती पुढे आली आणि हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, मी अकलूजच्या शाखेत बदली मागितलीय. श्रीपूरहून रोज जाऊन-येऊन करीन. पण नोकरी नाही सोडणार."

"मग ह्ये आदी सांगायचं की!" अमोलची आई म्हणाली. "मला वाटलं, तू सोलापुरात ऱ्हाणार आन माझं लेकरू तितं डब्याचं खाणार. नोकरीचं मला काय वावडं हाय?" मग आण्णांकडे वळून, "आन तुमी कशाला व्हय व्हय करत हुतासा?"

"मी आज जरा घाबरलेलो," आण्णा म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य.

जमिनीवरचे पेढे वेचून घेतले आणि बोलणी तिथंच पक्की झाली. जाताना मामा खुर्चीपाशी थांबून म्हणाले, "पण पुतळा म्हणून लई झ्याक हुता!"

सोमवारी तज्ज्ञ मंडळींपुढे मी तोच साचा ठेवला. आत भुवईचे केस होते. "हे इतके खरे कसे बसवले?" असं एका तज्ज्ञानं विचारलं, तेव्हा मी ओढणी कपाळावर आणखी खाली ओढली आणि म्हणाले, "त्याला जरा त्रास पडतो."

लग्नापर्यंत नवी भुवई काही उगवली नाही. म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी मी आरशासमोर बसून पेन्सिलीनं एक काढली. पुसली, परत काढली. मांडवात भेटणारा प्रत्येक जण मला विचारत होता, "वहिनी, एवढं नवल कशाचं वाटतंय?" अल्बम आला तेव्हा कळलं. एकूण एक फोटोत माझी उजवी भुवई डावीपेक्षा चांगली बोटभर वर आहे. आणि विद्यापीठ मला पगार देतं, तो लोकांना चित्र काढायला शिकवण्याचा!