खाट क्रमांक सातची घंटी

मागच्या फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, दुपारी एक चाळीस. इन्सुलिन – लिहून दिलेलं दहा युनिट. साक्षीदार तीन : मी, वनिता सिस्टर आणि आईच्या शेजारच्या खाटेवरच्या वैजापूरच्या मावशी. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही शंका घ्याल, आणि घ्यायलाच हवी. बजाजनगरला राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. जे मोजता येत नाही त्यावर मी कधी वेळ घालवला नव्हता.

आई, वय ७६, पायाच्या जखमेसाठी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात होती. बारा खाटांचा वॉर्ड, तिची खाट सात नंबरची. सव्वाबाराला सिस्टरनी इन्सुलिन दिलं, आई दोन घास खाऊन झोपली. मला वाटलं, झोपू दे.

मी सिस्टरच्या टेबलापाशी डिस्चार्जचं विचारत होतो... तेवढ्यात भिंतीवरच्या बोर्डावर सातचा लाल दिवा लागला आणि घंटी वाजायला लागली. सिस्टर क्षणभर बोर्डाकडे बघतच राहिल्या, मग धावल्या. आई घामानं चिंब, हाकेला ओ नाही. शुगर ३८. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांत आईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

घंटी कोणी दाबली, असं मी विचारलं. मावशींचे पाय प्लास्टरमध्ये. सिस्टरनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. सात नंबरला बटणच नव्हतं – कधीच काढून वर पत्रा मारलेला. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड उघडायला लावला. सातची वायर आतूनही तोडून टेप लावलेली.

मावशी म्हणाल्या, "मान्सं कमी पडली म्हून आता भुतं लावली व्हय ड्युटीवर?"

मी हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्या इन्सुलिनची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. "काका, चूक माझी आहे," म्हणाल्या. बाटली शंभरची, सिरिंज चाळीसची. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट असलेलं औषध चाळीसच्या खुणांनी मोजलं गेलं. दहाच्या खुणेवर भरलं की पंचवीस युनिट. अडीचपट.

आई जेवली नाही म्हणून शुगर उतरली, एवढं त्या म्हणाल्या असत्या तर मला कळलंही नसतं. अकरा महिन्यांच्या करारावरची नोकरी, मार्चमध्ये संपणारी. तरी त्यांनी टेबलाजवळ टांगलेला घटना नोंदीचा फॉर्म काढला. तो भरायची सक्ती नव्हती, आणि आजवर कोणी भरलेलाही नव्हता. आमच्या कारखान्यात हात थोडक्यात वाचला तरी कार्ड भरतात, त्यामुळे मला त्याची किंमत माहीत होती.

अडलं एका रकान्यावर : घटना कशी लक्षात आली?

वॉर्डच्या इन्चार्ज मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं : घंटीचं लिहिलं तर वरचे हसतील, सिरिंजचंही कोणी ऐकणार नाही, आणि पोरीची नोकरी जाईल. नातेवाइकानं आवाज दिला असं लिहू, तुम्ही सही करा.

पेन हातात होतं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून तर त्रास झाला.

"मॅडम, मी आवाज दिला नाही," मी म्हणालो. "मला वाटलं ती झोपलीय. असं लिहिलं तर उद्या तुम्ही नातेवाइकांच्या भरवशावर राहाल. आणि सातला बटण नाही, हे कोण लिहिणार?"

मॅडमनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "जे झालं तेच लिहिते. कामावरून काढलं तर काढलं."

त्यांनी लिहिलं : "घंटी वाजली. बटण व वायर जोडलेली नव्हती." खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. मावशींनी अंगठा दिला, वर म्हणाल्या, "लई जोरात वाजली, ते बी लिव्हा."

त्यानंतर तीन आठवडे मी दर सोमवारी फोन करून फॉर्म कुठवर आला ते विचारलं. चौथ्या आठवड्यात दवाखान्याच्या समितीचं उत्तर आलं. दोन्ही सिरिंज वेगळ्या कपाटात, इन्सुलिन देताना दुसऱ्या सिस्टरनं तपासायचं. बारापैकी पाच खाटांना बटणच नव्हतं, ती बसवली. वनिता सिस्टरचा करार नव्यानं झाला.

घंटीचं कारण मला आजही सांगता येत नाही. आधी मला दाखवलेल्या उत्तराच्या कच्च्या मसुद्यात 'घंटी वाजली' ही ओळ वगळली होती. मी जाऊन ती परत घालायला लावली. आता तिच्यापुढे लिहिलंय : कारण आढळले नाही, नोंद कायम.