गाळलेली तीन शून्यं

माझी धाकटी बहीण पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे आणि मी विट्यातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन. ती साताऱ्याच्या ऑफिसात बसून धरणातलं पाणी मोजते, दलघमीत. म्हणजे दशलक्ष घनमीटर. मी मोजते मायक्रोलिटरमध्ये. पिपेटच्या टोकाला दहा मायक्रोलिटर सीरम घेतलं, तर ते जेमतेम डोळ्यांना दिसतं. मोजमापच करतो दोघी, पण तिचं माप पावसाळ्यात पेपरात छापून येतं आणि माझं पेशंटच्या रिपोर्टवरसुद्धा येत नाही.

हे मला सलतं. चांगलंच सलतं, उगाच सोज्वळपणा कशाला.

आई उंब्रजच्या बाजारात भेटेल त्याला सांगते, "धाकटी धरणाचं पानी सोडती." कुणी माझी चौकशी केलीच, तर "थोरली व्हय? ती रगात तपासती," एवढ्यावर विषय संपतो. बारावीला आम्हा दोघींचे मार्क जवळपास सारखेच होते. पण माझ्या वेळी घरात "पोरीला लांब कशाला धाडायचं" होतं आणि तिच्या वेळी "पोरगी लय हुशार हाय, शिकू द्या" झालं. मधल्या तीन वर्षांत घर शहाणं झालं, त्याचा फायदा तिला मिळाला. यात तिचा काही दोष नाही हे मला कळतं. कळून काही फरक पडत नाही.

तरी एवढं मी गिळलं होतं. पण माझी सातवीतली लेकही तिच्याकडे ओढली जायला लागली, तेव्हा मात्र माझ्या पोटात दुखायला लागलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लेकीने विषय घेतला, 'थेंबापासून धरणापर्यंत'. थेंब तर माझाच. मला वाटलं, आता तरी मला काही विचारेल. तिने मावशीला फोन लावला.

रविवारी बहीण साताऱ्याहून आली, पेढे घेऊन. फरशीवर कार्डशीट पसरून दोघी पालथ्या पडल्या. मी आत भाकऱ्या थापत होते, पण कान बाहेरच.

"मावशी, तू किती पटापट सांगतेस गं!" लेक म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली.

"ताई, ये की गं इकडं," बहिणीने हाक मारली. "मायक्रोलिटर म्हणजे तुझं खातं."

"चालू दे तुमचं," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी तक्ता बघितला. सगळ्यात खाली, लाल चौकटीत, एक दलघमी म्हणजे किती मायक्रोलिटर ते लिहिलं होतं. एकावर बारा शून्यं. मी बोट ठेवून मोजली, पुन्हा मोजली. पाहिजेत पंधरा. हजार मायक्रोलिटरचा एक मिलिलिटर, हजार मिलिलिटरचा लिटर, हजार लिटरचा घनमीटर, आणि असे दहा लाख घनमीटर म्हणजे एक दलघमी. हजाराने तीनदा गुणायचं, वर दहा लाखाने. बहीण मिलिलिटरपर्यंतच उतरली होती आणि त्यालाच मायक्रोलिटर म्हणून मोकळी झाली होती. धरणवाल्यांचं असंच असतं, लिटरच्या खाली त्यांचं पाणी कधी जातच नाही.

मला आनंद झाला. खरं तेच सांगते. ज्या मापापायी रोज माझी मान मोडते, नेमकी तिथंच इंजिनिअरबाई घसरली होती. लाल पेन टेबलावरच पडलं होतं. तीन शून्यं वाढवायला किती वेळ लागतो? मी कार्डशीटची गुंडाळी केली, रबर लावला आणि दप्तराशेजारी उभी करून ठेवली. शाळेतल्या बाईंना चूक दिसू दे, लेकीने घरी येऊन म्हणू दे, "मावशीचं चुकलं." एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक घरी आली ती डोळे सुजवूनच. बाईंनी प्रदर्शनात सगळ्यांसमोर तिला शून्यं मोजायला लावली होती. पोरं फिदीफिदी हसली होती. मग बाईंनी विचारलं, हे तुला कुणी करून दिलं?

"मग? काय सांगितलंस?" मी जरा जास्तच उतावीळपणे विचारलं.

"माझं मीच केलं म्हणून सांगितलं. मावशीचं नाव कशाला घेऊ? ती एवढ्या लांबून आली होती माझ्यासाठी."

माझ्यासाठी ही पोरगी कधी असं खोटं बोलली असती का, हा पहिला विचार माझ्या मनात आला. तिचे डोळे सुजलेत, हा दुसरा. क्रम असाच होता.

नाक पुसत तिने विचारलं, "आई, तक्ता तूच गुंडाळलास ना? तुला पण नाही दिसलं?"

दिसलं होतं म्हणावं, तर तिला चारचौघांत हसं करून घ्यायला मीच धाडलं होतं. नाही म्हणावं, तर जे एक माप या घरात फक्त मला येतं, तेही मला येत नाही.

"नाही गं," मी म्हणाले. "लक्षातच नाही आलं."

ती जवळ आली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

"जाऊ दे आई. एवढं मोठं माप तुझ्या कामात कुठं येतं?"

ती माझी समजूत घालत होती, आणि मी मान डोलवत होते.