निळे मालक

"निळं गेलं, मास्तर. पण निळ्यासंगं मालक बी गेले!"

असं म्हणून गंगामावशीनं माझ्या टेबलावर वाकळ आपटली. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. मी ती उलगडली. महिन्याभरापूर्वी तिच्या मधल्या तुकड्यावर मी मावशीच्या वारलेल्या नवऱ्याचा, बापूजींचा फोटो छापून दिला होता. फेटा, मिशा, गळाबंद कोट, सगळं लख्ख. आता तिथं नुसतं धोतराचं पांढरं कापड होतं. फार निरखलं तर मिशांच्या जागी पिवळट डाग दिसायचा.

"कशानं धुतली?"

"सोड्यानं. परटानं दोन खेपा भट्टी लावली. कापडाला नीळ जास्त झाली की तो तशीच काढतो."

"अहो मावशी, ती नीळ नव्हती, तोच फोटो होता!" मी ओरडलोच.

हे निजामाच्या राज्यातलं, लढाईच्या दिवसांतलं. हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक पत्र्याची खोली, एक रंगवलेला पडदा आणि एक हातांची खुर्ची. जवळच्या साखरा गावचे बापूजी बैलबाजाराला आले असता मित्राशी पैज लागली म्हणून त्या खुर्चीत बसले होते. जन्मात तेवढा एकच फोटो. ते गेल्यावर भिंतीवरची प्रत वाळवीनं खाल्ली. तेव्हा मावशी त्यांची जुनी धोतरं घेऊन माझ्याकडे आली. बरोबर मुलगा किसन.

"ह्या धोतराची वाकळ शिवून राहिले. त्यावर मालकाचा फोटू काढून द्या," मावशी म्हणाली. "निजायच्या आधी मला त्यांच्यासंगं बोलावं लागतं. न्हाईतर झोपच लागत न्हाई."

आता, कागदावरच्या फोटोचा मसाला धोतरावर बसत नाही. पण सडक खात्यातला एक ओव्हरसिअर माझा दोस्त होता. त्याच्या हापिसात नकाशांच्या निळ्या नकला निघत. दोन औषधं पाण्यात कालवून कागदाला लावायची, वर नकाशा ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तेवढं निळं, बाकी पांढरं. मी कागदाच्या जागी धोतर घेतलं आणि नकाशाच्या जागी नेगेटिव्ह, म्हणजे काचेच्या प्लेटवरचा उलटा फोटो. युक्ती फक्कड होती. फक्त रंग एकच निघायचा.

मावशीला चार कोपऱ्यांत चार फोटो पाहिजे होते. किसन भडकला.

"आन् पायाकडं दोन येतील ते? बापाला लाथा मारती का, माय?"

"मंग दोनीबी डोक्याकडं घे."

"झोपंत वाकळ फिरली तर?"

मी तासभर ऐकून घेतलं. शेवटी एकच फोटो, तोही मधोमध, असं ठरलं. पाय लागायचा प्रश्न मिटला.

प्रिंट अशी निघाली की मीच खूश झालो. मिशीचा केस न् केस मोजावा. मावशी मात्र बघतच राहिली.

"माझा माणूस निळा काहून?"

"याचा रंगच तसा येतो, मावशी."

"आवो, ते काळे व्हते. तव्यावानी. निळे कवाच न्हवते."

"होईल हळूहळू सवय," मी म्हणालो आणि तुकडा गुंडाळून हातात दिला. कारागिराला स्वतःचं काम आवडलं की तो बहिरा होतो, मी तर ठार बहिरा झालो होतो.

तो तुकडा वाकळीत शिवला गेला आणि साखऱ्यात गोंधळ सुरू झाला. सून वाकळ वाळत घालायची ती डोक्यावरून पदर ओढून, कारण सासरे बघत होते. घडी घालताना ती तोंड फिरवायची. अंगणात वाळत टाकलेली वाकळ कुणा बाईनं पाहिली. निळा चेहरा, डोक्याला फेटा! तिनं हात जोडले. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आलं. तिसऱ्या दिवशी नारळ फुटला.

"देवासंगं भांडता येतंय का, मास्तर?" टेबलाशी उभी मावशी मला सांगत होती; मागं किसन मान डोलवत होता. "मी त्यांला म्हनलं, किसनच्या लग्नात तुमी माझ्या भावाला उपाशी काहून धाडलं? तर दारात तीन बाया नारळ घिऊन हुभ्या! बोलायचीच चोरी. म्हून मी परटाला म्हनलं, बाबा, निळं काढ. माणूस ऱ्हाऊ दे."

परटानं निळं काढलं. माणूसही काढला.

"जाऊ द्या. पुन्ना छापा," ती म्हणाली.

छापणार कशावरून? काम झालं म्हणून मी ती प्लेट त्याच आठवड्यात गरम सोड्यात टाकून खरवडली होती. लढाईमुळं काच मिळत नव्हती. बापूजींची काच आता शेजारच्या वाण्याच्या गणपतीच्या तसबिरीला होती. मावशीला मी कुठल्या तोंडानं रागावणार? तिनं वाकळ सोड्यात धुतली, मी प्लेट सोड्यात धुतली.

सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, शिव्या देईल. ती त्याच खुर्चीत बसली, वाकळ मांडीवर घेतली.

"म्हंजे ते आता कुठंच न्हाईत का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात समोर कापडं रंगवणारे चाँदभाई रंगरेज आत आले. आरडाओरडा ऐकून आले होते. त्यांनी वाकळीतला डाग बोटानं चोळला.

"मास्टर, वो नीले में क्या था?"

"लोखंडाचा क्षार."

"तो नीला गया. लोहा कैकू जाएगा? बैठा हुआ है कपड़े में. हिरडे का पानी पिलाओ उसको."

रंगरेज काळा रंग असाच करतात. कापडाला लोखंडाचं पाणी, वरून हिरड्याचा काढा. मला पटेना.

"चाँदभाई, फोटोग्राफीच्या पुस्तकात असं कुठं नाही."

"तुम्हारी किताब में धोबी बी नहीं था."

त्यांच्याच पातेल्यात हिरडा उकळला. वाकळीचा मधला भाग काढ्यात बुडवला. आम्ही चौघं पातेल्यावर वाकलो. आधी मिशा आल्या. मग फेट्याच्या घड्या. मग डोळे. किसननं चटकन हात जोडले. मावशीनं फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"जोडू नगंस! पुन्ना देव करतो का त्यांला?"

बापूजी निघाले ते काळेकुळकुळीत.

"मावशी, धोतराला जरा डाग लागला," मी म्हणालो. "मळकट दिसतंय."

"ते बी बराबर हाय. त्यांनी कवा पांढरं ठिवलंय?"

तिनं ओली वाकळ समोर धरली. कितीतरी वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंसुद्धा नाही. मग पदर खोचला.

"हां. आता बोला. माझ्या भावाला उपाशी काहून धाडलं?"

चाँदभाईंनी माझा दंड धरला आणि किसनला खूण केली. आम्ही तिघं बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत बराच वेळ भांडण चाललं होतं.

त्यानंतर मी कुणाची प्लेट सोड्यात टाकली नाही. आणि 'माझा माणूस असा नव्हता' असं कुणी बाई म्हणाली, तर आधी माझीच औषधं तपासली.